जशी होती तशी

जुनी गाडी नवी करणं आणि जुनी गाडी जशी होती तशी करणं ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली कुठल्याही चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याला जमते. दुसरीला अभ्यास लागतो, आणि अभ्यासापेक्षाही जास्त लागतो तो मोह आवरण्याचा गुण. आमच्या नातेवाईक मंडळींना हा फरक पटत नाही, म्हणून आजचं हे लिखाण. गणेशोत्सवात, लग्नात, जिथं भेट होईल तिथं मला एकच प्रश्न येतो, "काय हो, तुमच्या भाच्याची ती गाडी झाली की नाही अजून?" नाही झाली. आणि का नाही झाली ते वाचा.

भाचा मिशिगनमध्ये असतो हे नेहमी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. त्याच्या गराजमध्ये १९६४ सालची पाँटिअ‍ॅक जीटीओ आहे. अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात त्यांची सुरुवात बहुतेक लोक ह्याच गाडीपासून धरतात. कल्पना साधी होती. मध्यम आकाराची, तरुण माणसाला परवडेल अशी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं दांडगं इंजिन बसवायचं. गंमत अशी की जनरल मोटर्सचा नियमच त्याच्या विरुद्ध होता. मध्यम गाड्यांत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही, असं वरून ठरलेलं होतं. पाँटिअ‍ॅकचे जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी पळवाट काढली. जीटीओ ही वेगळी गाडी म्हणून आणलीच नाही. टेम्पेस्ट लमाँ ह्या साध्या गाडीवर घ्यायचा एक 'पर्याय' म्हणून ती कागदावर दाखवली आणि ३८९ घनइंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन आत बसवलं. (त्या काळात आपल्या अ‍ॅम्बॅसिडरचं इंजिन दीड लिटरचं होतं!) पहिल्या वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग वरचे साहेबही काही बोलले नाहीत. खपणाऱ्या मालाला नियम आडवे येत नाहीत, हे तिकडेही तसंच.

पण ह्या पळवाटेची किंमत आजचे अभ्यासक मोजताहेत. जीटीओ हा नुसता पर्याय असल्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांच्या नंबरात 'जीटीओ' असल्याचा पुरावाच नाही. गाडीचा नंबर म्हणतो, "मी लमाँ." १९६६ पासून जीटीओला स्वतःची मालिका मिळाली आणि नंबरावरून ओळख पटू लागली. त्याआधीची कुठलीही साधी लमाँ घ्यावी, तिला चिन्हं लावावीत, इंजिन बदलावं आणि जीटीओ म्हणून विकावी, असे प्रकार भरपूर झालेले आहेत. मग खरी कुठली आणि सोंग कुठलं?

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. गाड्यांशी माझा संबंध एसटीपुरता. पण भाच्याकडे दोन उन्हाळे राहिले आणि तो रात्री जेवणानंतर टेबलावर जे कागद पसरून बसायचा ते पाहून मला वाटलं, अरे, हे तर आपलंच काम चाललंय! बी.ए.ला आम्हाला पाठचिकित्सा थोडी शिकवली होती. एका ग्रंथाच्या अनेक पोथ्या, प्रत्येक नकलकारानं कुठं चूक केलेली, कुठं स्वतःच्या पदरची भर घातलेली. त्यातून मूळ पाठ कोणता ते ठरवायचं. तेराव्या शतकातल्या म्हणवणाऱ्या पोथीत बटाटा किंवा मिरची आली की समजायचं, हे पोर्तुगीजांनंतरच्या कुणाचं तरी काम आहे.

गाडीच्या इंजिनाच्या ओतीव ठोकळ्यावर अशीच तारीख असते. इंग्रजी अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं. पुढे दिवस आणि शेवटी वर्षाचा एकच आकडा. 'सी १० ४' म्हणजे १० मार्च १९६४. बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर एक छोटी पट्टी असते. तिच्यावर बॉडी कुठल्या महिन्याच्या कितव्या आठवड्यात तयार झाली, रंग कोणता, सीटचं कापड कोणतं हे संकेतात लिहिलेलं असतं. आता बॉडी मार्चची आणि इंजिन मे महिन्यात ओतलेलं असेल, तर इंजिन मागाहून आलं हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? आमच्या सातवीच्या पोरांनीही सांगितलं असतं. काचेच्या कोपऱ्यात, कार्बोरेटरला लावलेल्या बारक्या पट्टीवर, डायनॅमोच्या जागी आलेल्या ऑल्टरनेटरवर, सगळीकडे असे आकडे. भाचा भिंग घेऊन ते टिपत असतो. ह्या टिपण्यातच दीड वर्ष गेलं, मंडळी.

आणि कागदही असतात. क्रायस्लरच्या गाड्यांत जोडणीचा तक्ता मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर तसाच राहून गेलेला सापडतो. कामगारानं खोचला आणि विसरला. (कधी कधी उंदरांनी अर्धा खाल्लेला असतो. आपल्याकडच्या पोथ्यांना वाळवी, त्यांच्याकडे उंदीर.) पाँटिअ‍ॅकच्या बाबतीत नशीब असं की कारखान्यानं विक्रेत्यांना पाठवलेल्या बिलांच्या नोंदी टिकल्या. पाँटिअ‍ॅक हे नाव २०१० साली कंपनीनं बंद केलं, पण नोंदी शिल्लक राहिल्या आणि पीएचएस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सेवेकडून पैसे भरून आपल्या गाडीच्या बिलाची प्रत मागवता येते. १९६४ च्या गाडीसाठी हाच निर्णायक पुरावा.

भाच्यानंही मागवली. ती आली त्या दिवशी घरात आनंद आणि सुतक एकदमच. आनंद अशासाठी की गाडी खरीच जीटीओ निघाली. सुतक का, ते ऐका.

भाच्यानं घेतली तेव्हा गाडी लालभडक होती. बॉनेटखाली तीन कार्बोरेटर. ह्याला 'ट्राय-पॉवर' म्हणतात, आणि जीटीओवाल्यांना ते तीन कार्बोरेटर म्हणजे कंठमणी. १९६४ च्या गाड्यांपैकी फक्त ८,२४५ कारखान्यातून तसे बाहेर पडले. त्यांची ताकद ३४८ अश्वशक्ती सांगितलेली. उरलेल्या २४,२०५ गाड्यांना एकच चार नळ्यांचा कार्बोरेटर, ३२५ अश्वशक्ती. बिल म्हणालं, ही गाडी त्या २४,२०५ पैकी आहे. आणि रंग? लाल नव्हेच. पाइनहर्स्ट ग्रीन. हिरवा! बॉनेटखालच्या पट्टीवरचा रंगाचा संकेतही तेच सांगत होता.

आता घरात आणि फोनवरून घराबाहेर वादाला तोंड फुटलं. भाचेसून म्हणाली, लालच छान दिसते. माझा थोरला भाऊ पुण्याहून म्हणाला, "तीन आहेत ते काढून एक बसवायचा? हा कसला शहाणपणा?" लोकांना हे विचित्र वाटतं ते मी समजू शकते. जास्त ताकदीचं, जास्त देखणं, जास्त किमतीचं काढून साधं बसवायचं, त्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे, त्या साध्या कार्बोरेटरसाठी वर्षभर भंगारबाजार धुंडाळायचे. पण मी भाच्याच्या बाजूची आहे, आणि का ते सांगते.

पुण्याच्या भांडारकर संस्थेनं महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली. काम १९१९ साली सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून ते हाती घेतलं आणि आदिपर्व १९३३ साली पूर्ण छापून झालं. व्यासांनी सांगायचं आणि गणपतीनं लिहून घ्यायचं ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या किती आवडीची! पण जुन्या, विश्वसनीय पोथ्यांचा आधार तिला नाही, म्हणून सुकथनकरांनी ती मुख्य संहितेतून काढली. महाराष्ट्रात बसून, गणपतीची गोष्ट! केवढं धाडस. मात्र फेकून दिली नाही. परिशिष्टात छापली. आवडती आहे म्हणून मूळ ठरत नाही, आणि मूळ नाही म्हणून नष्ट करायची नसते. फॅक्टरी करेक्ट ह्या शब्दाचा माझ्या लेखी एवढाच अर्थ आहे. भाच्यानं तीन कार्बोरेटर तेल लावून, कापडात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवलेत. खोक्यावर मी माझ्या अक्षरात 'परिशिष्ट' असं लिहून आलेय. त्याच्या मित्रांना वाचता येत नाही, ते विचारतात. भाचा त्यांना सुकथनकर समजावून सांगतो.

इथपर्यंत माझं नि त्याचं एकमत. पुढे मात्र नाही.

ह्या छंदात स्पर्धा आहेत, परीक्षक आहेत, गुण आहेत. कॉर्व्हेट गाड्यांच्या पुनर्बांधणीवाल्यांची संस्था १९७४ सालची. ते लोक परीक्षेला कडक म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि वरच्या श्रेणीच्या पुरस्काराला शंभरात चौऱ्याण्णव गुण लागतात. आमच्या बोर्डाच्या परीक्षकांनाही लाजवतील. परीक्षक काय बघतात? गाडी सुंदर किती ते नव्हे. कारखान्यात होती तशी किती, ते. म्हणजे बोल्टच्या माथ्यावरचा शिक्का त्या काळातला आहे का. जनरल मोटर्सनं त्या वेळी अ‍ॅक्रिलिक लॅकर वापरलं, त्याची झळाळी आजच्या जाड पारदर्शक थराच्या रंगासारखी काचेरी नसते, मग ही गाडी काचेरी का दिसते? दाराच्या आतल्या कडेला कामगारानं पॉलिश केलंच नव्हतं, मग तुम्ही का केलं? गुण कापले! शेव्हरोलेच्या नारिंगी इंजिनावर फवारा मारताना एक्झॉस्टच्या ओतीव नळ्यांवरही रंग उडायचा आणि थोड्याच दिवसांत उष्णतेनं जळून जायचा. आता तो दाखवायचा की नाही, ह्यावर मोठमोठे लोक तावातावानं भांडतात.

नीटनेटकेपणाचा सोस नकलकाराचाच असतो, तेव्हा ह्या कडकपणाचं मला कौतुकच आहे. चकचकीत केलेली गाडी म्हणजे नकलकारानं सुधारलेली ओवी. छंद बुद्धदासारखा बसतो, पण ती मूळ नाही. साठ सालानंतरच्या त्या कारखान्यांत पट्टा सरकत असायचा, माणसाला एका गाडीसाठी मोजका वेळ मिळायचा, आणि त्या घाईच्या खुणा गाडीवर राहिल्या आहेत. त्या पुसून आपण कुणाचा सन्मान करतो?

पण खुणा राखणं वेगळं आणि खुणा काढणं वेगळं. जोडणीच्या वेळी तपासनीस मेणखडूनं पत्र्यावर आकडा किंवा फुली मारायचे, घट्ट केलेल्या बोल्टावर रंगाचा ठिपका द्यायचे. आता हे ठिपके नि फुल्या नव्यानं मारतात! त्यासाठी तयार साचेही मिळतात. मी भाच्याला विचारलं, "अरे, ज्यानं तपासलं त्याची ती खूण. तू काय तपासलंस?" तो म्हणाला, "मावशी, फोटो काढून, माप घेऊन, तिथंच तशीच मारतो, मनानं नाही." ठीक. आपल्याच गाडीवर सापडलेली खूण पुन्हा उमटवणं हे मी नक्कल म्हणून सोडून देईन. पण दुसऱ्याच्या गाडीवर होती म्हणून आपल्याही गाडीवर मारायची, हे मला मंजूर नाही. तो पाठ ह्या पोथीतला नाही.

ह्याहून गंभीर गोष्ट इंजिनाची. गाडीतलं इंजिन १९६४ चंच ३८९ आहे, ओतल्याची तारीखही बॉडीच्या आधीची. पण ठोकळ्यावर जो संकेत हवा, हाताच्या गिअरच्या चार नळ्यांच्या जीटीओसाठी '७८ एक्स', तो नाही. मोठ्या पाँटिअ‍ॅकमधून कुणीतरी कधीतरी आणून बसवलेलं ते इंजिन. एका ओळखीच्या यंत्रशाळेवाल्यानं भाच्याला सुचवलं, थोडं घासतो, नवा शिक्का ठोकतो, कुणाला कळणार नाही. ह्या एका शिक्क्यानं किंमत केवढी बदलते, ते लिलावांकडे पाहिलं की समजतं. १९७१ ची एक हेमी कुडा कन्व्हर्टिबल २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. आमची गाडी त्या पंगतीत बसणारी नाही, पण नाती कॉलेजला जायच्या वयाच्या झाल्यात आणि ही गाडी म्हणजे घरातली मोठी गुंतवणूक आहे, हे मी विसरत नाही. तरी भाच्यानं नाही म्हटलं. त्या रात्री मला झोप छान लागली.

घासून काढलेल्या पृष्ठभागावर कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेघाही खोट्या उमटवणारे कारागीर आहेत, हे ऐकून मी थक्क झाले. एवढी कला आणि ती ह्यासाठी! बरं, ह्या लबाडीचा भुर्दंड प्रामाणिक माणसांनाही बसतो. कॅन्ससमध्ये १९५९ च्या एका कॉर्व्हेटची नंबरपट्टी पुनर्बांधणीच्या वेळी काढून पुन्हा बसवलेली होती. पोलिसांनी २०१७ साली ती गाडीच जप्त केली. मालकानं तर ती विश्वासानं विकत घेतलेली. राज्याचा कायदा २०२२ साली बदलावा लागला, तेव्हा कुठं गाडी परत मिळायची वाट मोकळी झाली. रंग देताना पट्टी काढायची की जागेवरच झाकून ठेवायची, ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या निर्णयात किती काय दडलेलं असतं बघा.

म्हणून माझा भाच्याकडे आग्रह आहे तो वहीचा. गाडीबरोबर एक जाड वही असावी आणि ती गाडीसोबतच विकली जावी. इंजिन मूळचं नाही, सापडलेला संकेत अमुक. डावा मागचा पत्रा नवा, उजवा जुना. पुढचं सीट नव्यानं मढवलेलं, मागचं मूळ. तीन कार्बोरेटर कुठल्या साली काढले. लाल रंगाच्या खाली काय काय थर निघाले. चिकित्सित आवृत्तीत प्रत्येक पानाच्या तळाशी पाठभेद असतात. वाचकाला संपादकाचा निर्णय पटला नाही तर त्याला स्वतः ठरवता येतं. आणि पोथ्या तर तशाच राहतात, संपादक त्या जाळत नाही. गाडीचं तसं नाही. इथं एकच पोथी आहे, आणि तिच्यावरच लिहायचं आहे. घासलेला रंग परत येत नाही. तळटीप नसेल तर पुनर्बांधणी म्हणजे एक महागडी नवी गाडी, एवढंच. भाचा फोटो काढतो हजारो, पण लिहायचा कंटाळा. (लहानपणी निबंधातही हेच.)

आता उरला आमचा खरा वाद. डिकीच्या आत, सुटं चाक ठेवायच्या जागेच्या मागं, लाल रंगवाल्याचा फवारा पोचलाच नव्हता. तिथं हातभर जागेत मूळचा हिरवा रंग आहे. फिका पडलेला, एका कडेला गंज, आणि मधोमध पिवळ्या मेणखडूची एक तिरकी फुली. भाच्याचं म्हणणं, सगळी गाडी नव्या हिरव्यात आणि एवढा तुकडा जुना, हे विशोभित दिसेल, परीक्षक गुण कापतील, आणि गंज तसाच ठेवला तर तो पसरेल. तो म्हणतो, फोटो आहेत, माप आहे, फुली मी पुन्हा मारीन.

गंजाचं त्याचं म्हणणं खरं आहे, आणि त्यावर उपाय करायला माझी ना नाही. पण फुली? ती मारणारा माणूस त्या दिवशी तिथं उभा होता, त्यानं काहीतरी बघितलं आणि हात उचलला. भाच्यानं मारलेली फुली हुबेहूब असेल, पण तिच्यामागं कुणी काही बघितलेलं नसेल. न रंगवलेल्या, न छेडलेल्या गाड्यांना मान द्यायला आता तिकडचे लोकही शिकलेत. ब्लूमिंग्टन गोल्ड ह्या इलिनॉयमध्ये सुरू झालेल्या प्रदर्शनानं १९९० पासून अशा टिकून राहिलेल्या गाड्यांना 'सर्व्हायव्हर' म्हणून वेगळा पुरस्कार ठेवला. मग सबंध गाडी टिकली नसेल, तर टिकलेल्या हातभर जागेला तोच न्याय का नको? गुण गेले तर गेले. चौऱ्याण्णवऐवजी त्र्याण्णव मिळाले म्हणून मुलगा वाया जात नाही, हे मी पस्तीस वर्षं पालकांना सांगत आले.

रंगकाम पुढच्या उन्हाळ्यात आहे. डिकीचं अजून ठरलेलं नाही. भाचा हे वाचणार आहे, त्याची बायकोही वाचणार आहे, आणि तिला मी आधीच माझ्या बाजूला वळवलं आहे. ज्यांना काही सुचवायचं असेल त्यांनी त्याला फोन करा, पण कृपा करून "झाली का गाडी?" असं विचारू नका.